'पुढे काय' नावाचा रकाना

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुणालाही 'टीजी' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. टीचर गार्डियन. पुण्याकडे त्यालाच जीएफएम म्हणतात, हल्ली बऱ्याच ठिकाणी मेंटॉर. नाव काहीही असो, रचना एकच. वर्गातली वीस-बावीस मुलं एका शिक्षकाच्या नावावर लावून द्यायची, त्यांचं हवं-नको त्यानं बघायचं आणि बघितल्याची नोंद एका रजिस्टरमध्ये ठेवायची. कल्पना वाईट नाही. एआयसीटीईनं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी इंडक्शन कार्यक्रम आणला, त्यातही साधारण विसांचा गट आणि एक मेंटॉर असाच हिशेब होता. नॅकच्या अहवालातही मेंटॉर-विद्यार्थी प्रमाण विचारलं जायचं. आणि जिथे प्रमाण विचारलं जातं तिथे रजिस्टर तयार होतं.

माझ्या कॉलेजात (नाव घेत नाही) हे रजिस्टर सेमिस्टरच्या शेवटी एकदा फिरायचं. आठ भेटींच्या तारखा आधीच टाकलेल्या असायच्या, आम्ही एकाच पेनानं आठ सह्या करून पुढच्या बाकावर सरकवायचो. शेरा बहुतेकांचा सारखा: 'समुपदेशन केले. नियमित अभ्यास करण्यास सांगितले.' माझ्या बाकावरचा एक मित्र वणीहून आला होता. चौथ्या सेमिस्टरमध्ये तो हळूहळू यायचा बंद झाला आणि मग त्यानं कॉलेज सोडलं. त्याच्याही पानावर हाच शेरा होता. त्याची अडचण फीच्या हप्त्याची होती. कॉलेजात हप्ते पाडून फी भरण्याची सोय होती, प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लागायचा. अकाउंट्स सेक्शनला हे माहीत होतं. टीजींना माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्याच तोंडून मला हे कळलं. त्याचं आता वणीत मोबाइलचं दुकान आहे आणि चांगलं चाललंय. या लेखात 'बिचारा' म्हणून येणं त्याला आवडणार नाही. पण त्याच्या पानावरचा शेरा माझ्या डोक्यातून गेलेला नाही, कारण तो खोटा नव्हता. 'अभ्यास कर' असं कुणीतरी त्याला खरोखरच सांगितलं होतं.

हे सगळं पुन्हा आठवायला कारण झाली माझी आतेबहीण. ताई नागपूरबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि मनीषनगरात माझ्यापासून तीन गल्ल्या सोडून राहते. ज्यांना मनीषनगर माहीत नाही त्यांच्यासाठी: वर्धा रोडवरून रेल्वेलाइन ओलांडली की लागणारी ही वस्ती. पूर्वी फाटकाशी वीस-वीस मिनिटं जायची, २०२० च्या नोव्हेंबरात पूल सुरू झाला. तिथून बेसा-बेलतरोडीपर्यंत आता इमारतीच इमारती. त्यांतल्या कितीतरी फ्लॅटांत तीन-तीन, चार-चार पोरं मिळून राहतात. गडचिरोलीची, चंद्रपूरची, यवतमाळची, बालाघाटची. विजेच्या खांबांवर 'रूम भाड्याने देणे', 'घरगुती टिफिन' असे कागद चिकटवलेले. संध्याकाळी सातला डबेवाल्या काकूंच्या दारात जी रांग लागते ती पाहिली की कॉलेजच्या कॅम्पसचा अर्धा भाग इथेच आहे असं वाटतं. फक्त कॉलेजचे सगळे 'सेल' आणि समित्या तिकडे, वीस किलोमीटरवर, साडेपाचला कुलूप लागणाऱ्या इमारतीत.

तर एका रविवारी ताई लॅपटॉप घेऊन आली. "तू सॉफ्टवेअरवाला ना, मला एक ॲप बनवून दे. मुलांची हजेरी आणि सेशनलचे मार्क टाकले की लाल, पिवळा, हिरवा रंग आला पाहिजे. कोण बुडून राहिलं ते मला आधी समजलं पाहिजे."

रंग आणणं हे काम अर्ध्या तासाचं. एक्सेलमध्येही होतं. मी तिला विचारलं, लाल आला की तू काय करतेस?

"बोलावते."

मग?

"मग विचारते, काय झालं. तो म्हणतो, काही नाही मॅडम. मी म्हणते, अभ्यास कर."

ताई आळशी नाही. चार विषय, दोन लॅब, मान्यतेच्या फायली, उन्हाळ्यात ॲडमिशनसाठी गावोगाव फिरणं, आणि नोकरी कंत्राटी. यातून ती बावीस पोरांची नावं, गावं आणि कोण कुठल्या विषयात अडकलंय हे पाठ सांगू शकते. तिला लाल रंगाची गरजच नव्हती. कोण बुडतंय हे तिला माहीत होतं. तिच्याकडे नव्हतं ते त्यानंतरचं पाऊल.

लाल-पिवळ्या-हिरव्याची गोष्ट जगात जुनी आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं 'कोर्स सिग्नल्स' नावाची नेमकी अशीच यंत्रणा केली होती: मुलाच्या स्क्रीनवर सिग्नलचा दिवा. त्यामुळे मुलं कॉलेजात टिकून राहण्याचं प्रमाण बरंच वाढलं, असा दावा होता. २०१३ मध्ये माइक कॉलफिल्ड आणि आल्फ्रेड एसा यांनी त्या दाव्यातली ग्यानबाची मेख दाखवली. जो मुलगा कॉलेजात जास्त काळ टिकतो त्याच्या वाट्याला सिग्नलवाले विषय आपोआपच जास्त येतात. सिग्नलमुळे तो टिकला असं नव्हे. टिकला म्हणून त्याला सिग्नल जास्त भेटले. आमच्या धंद्यात डॅशबोर्ड विकणाऱ्या प्रत्येकाच्या भिंतीवर ही गोष्ट लावायला हवी.

उलट जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं उदाहरण सगळे देतात. २०१२ पासून ते प्रत्येक विद्यार्थ्याबाबत आठशेवर धोक्याच्या खुणा संगणकावर तपासतात. हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. त्यापुढची दोन वाक्यं बहुतेक वेळा गळतात. एक, त्या खुणा दिसल्यावर मुलाशी बोलायला त्यांनी डझनावारी नवे सल्लागार नेमले. दोन, त्याच्या एक वर्ष आधी त्यांनी छोट्या रकमांची मदत सुरू केली होती: ज्याचं कॉलेज थोड्याशा थकबाकीपायी सुटणार आहे, त्याच्या खात्यावर विद्यापीठच तेवढे पैसे जमा करतं. मला वणीचा मित्र आठवला तो इथे.

ताईच्या बाविसांत एक मुलगा होता. सेकंड इयर, हजेरी नव्वद टक्क्यांवरून तीन आठवड्यांत निम्म्यावर आलेली. तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा 'काही नाही मॅडम'. चौथ्या वेळी ताईनं 'काही प्रॉब्लेम आहे का' हा प्रश्न सोडून दिला आणि विचारलं, "रात्री जेवून कुठं राहिला तू?" यावर तो जरा वेळ गप्प बसला आणि मग सगळं बाहेर आलं. मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले होते, डबा बंद झाला होता, म्हणून तो एका गोदामात रात्रपाळीला माल चढवायला जात होता आणि सकाळच्या तासांना झोपत होता. शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता आला की मेसचे पैसे देणार होता. तो येत नव्हता.

ताई उठली आणि त्याला घेऊन शिष्यवृत्तीच्या टेबलापाशी गेली. नुसतं 'तिथे जाऊन विचार' म्हणाली नाही; स्वतः गेली. मला वाटतं, या सगळ्या विषयातलं खरं काम हे एवढंच आहे, म्हणून जरा तपशिलात सांगतो. तो मुलगा त्या टेबलापाशी आधी दोनदा जाऊन आला होता. दोन्ही वेळा 'साइट बंद आहे, नंतर ये' असं उत्तर मिळालं होतं. मॅडम सोबत दिसल्यावर क्लार्कनी ("मॅडम, तुम्ही कशाला आल्या, मला फोन करायचा ना") महाडीबीटीचं पोर्टल उघडलं. अर्ज दोन महिन्यांपूर्वीच परत पाठवलेला होता, उत्पन्नाचा दाखला जुना म्हणून. त्याचा मेसेज ज्या नंबरवर गेला तो त्याच्या वडिलांचा, आणि तो फोन मूलच्या पुढच्या एका गावात, रेंज असली तर असली. बरं, दाखला लावूनही पैसे आले नसते. बँक म्हणत होती आधार खात्याला जोडलंय. पण सरकारी पैसे खात्यात पडायला आधारची नोंद एनपीसीआयच्या यादीत त्या बँकेच्या नावे चालू असावी लागते, आणि ती नव्हती. 'आधार लिंक' आणि 'आधार सीडिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तरी माझ्या कामामुळे माहीत होतं. एकोणीस वर्षांच्या पोराला ते कुणी सांगायचं?

हे एका झटक्यात सुटलं असं नाही. दाखला निघायला वेळ लागला, पैसे परीक्षेनंतर आले, तोवर मेसचे पैसे ताई आणि आणखी दोन शिक्षकांनी मिळून दिले. त्या सेमिस्टरला त्याच्या दोन बॅक राहिल्या. पण तो आहे, तिसऱ्या वर्षात आहे.

आपल्याकडे 'सपोर्ट' म्हटलं की समुपदेशकाची खोली डोळ्यांसमोर येते. ती हवीच. पण महाराष्ट्रातल्या कॉलेजात अडचणीत असलेल्या मुलाला आधी जे दार लागतं ते बऱ्याचदा शिष्यवृत्तीच्या टेबलाचं असतं. आणि तिथली वाट शिक्षकांनाच माहीत नसते. बाहेर खोली करून राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. चार नावं, चार वेगळ्या खात्यांच्या अटी. ताईनं स्टाफरूममध्ये विचारून पाहिलं. चारही नावं एकालाही आली नाहीत. शिवाय यातली कुठली कुणाला लागू हे विचारायचं म्हणजे जात विचारायची, आणि ते कसं विचारावं हे कुणी शिकवत नाही. आमच्या वेळी दारात शिपाई यायचा आणि 'स्कॉलरशिपवाले उभे राहा' म्हणायचा. साठ जणांच्या वर्गात काही जण उभे राहायचे, बाकीचे वळून बघायचे. पुढे मदत मागायची वेळ आली तर यांतला कोण मागेल? ताईनं यावर साधी युक्ती काढली. चारही योजनांची माहिती असलेला एकच कागद ती बाविसांच्या बाविसांना देते. ज्याला जे लागेल ते त्यानं बघावं.

समुपदेशकाच्या खोलीकडे येतो. ताईच्या कॉलेजच्या वेबसाइटवर 'विद्यार्थी समुपदेशन कक्ष' होता, त्यात एका मॅडमचं नाव आणि नंबर होता. त्या दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेल्या होत्या. नव्या समुपदेशक आठवड्यातून दोनदा दुपारी येतात, त्यांची खोली अकाउंट्सच्या शेजारी, दारावर मोठ्या अक्षरांत पाटी. फी भरायच्या रांगेत उभे असलेले सगळे आत कोण गेलं हे बघणार. आणि आपल्या शहरात 'मनाचा डॉक्टर' म्हटलं की पोरं अजूनही 'पागलखाना' म्हणून हसतात. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय इंग्रजांच्या काळापासून आहे, तेवढीच जुनी ही थट्टा.

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. हेल्पलाइनचे नंबर वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावावेत. त्यात एक कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: मुलाला पुढे कुठे, कसं पाठवायचं याची पद्धत लेखी असली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. हा आकडा मी ताईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, "यातल्या प्रत्येकाचा कुणीतरी टीजी असेल ना रे." शाळकरी मुलंही त्यात आहेत, हे मी तिला सांगितलं. पण ती जे म्हणत होती ते त्यानं खोडलं जात नाही.

तिच्या बाविसांत एक मुलगीही होती. हजेरी पूर्ण, मार्क बरे, कुठल्याही डॅशबोर्डवर हिरवी. पण लॅबमध्ये ती कुणाशी बोलेनाशी झाली होती आणि डबा न उघडता परत नेत होती. ताईनं बोलावलं तर पहिलं वाक्य: "मॅडम, घरी फोन नका करू." मुलांच्या मनात टीजी म्हणजे घरी फोन. हजेरी कमी, घरी फोन. बॅक राहिली, घरी फोन. मग जे घरामुळेच झालंय ते टीजीला कोण सांगेल? ताईनं तिला सांगितलं, तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तरच मी कुणाला सांगेन, आणि तेही तुला सांगून. मग तिच्यासमोरच फोन लावून समुपदेशकांशी वेळ ठरवली, आणि त्या दिवशी त्या खोलीऐवजी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर तिघी चहा प्यायल्या. ताई दहा मिनिटांनी उठून आली. मुलगी दोनदा भेटली, तिसऱ्यांदा गेली नाही. मग समुपदेशकांनी सुचवल्यावरून ताईनं तिला मेडिकलच्या मानसोपचार विभागाच्या ओपीडीची वेळ सांगितली आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तिच्या मोबाइलमध्ये तिच्याच हातानं सेव्ह करायला लावला. तो नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीतही बोलतात. ती मेडिकलला गेली की नाही, फोन केला की नाही, हे ताईनं विचारलेलं नाही. रोज लॅबमध्ये ती दिसते का, एवढं बघते.

ॲप मी केलं नाही. एक गूगल शीट केली. पहिल्या पानावर हजेरीची टक्केवारी नाही, गेल्या दोन आठवड्यांत ती किती बदलली एवढंच. कारण कायम साठ टक्क्यांवर असणाऱ्या पोरापेक्षा नव्वदवरून सत्तरवर आलेला जास्त काळजीचा. मग 'शेवटचं बोलणं कधी', 'कुणाकडे नेलं', 'पुढे काय' आणि त्यासमोर तारीख. तारीख उलटली की ओळ वर येते. 'कारण' असा रकाना मुद्दाम ठेवला नाही. ताईच्या विभागप्रमुखांना तो हवा होता, 'ॲनालिसिससाठी'. पण ही शीट उद्या प्रिंट होऊन फायलीत लागणार, फाइल टेबलावर पडणार, आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे चहावाल्या पोरालाही वाचता येणार. ताई म्हणाली, कारण माझ्या डोक्यात आहे, तिथेच राहू द्या सर. सर नाराज झाले, पण रकाना आला नाही. तिची नोकरी कंत्राटी आहे हे इथे पुन्हा सांगतो.

दुसरं पान आहे ते नावांचं. शिष्यवृत्तीसाठी कोण, कुठल्या टेबलावर, किती वाजता. फीचे हप्ते पाडायला अर्ज कुणाकडे. परीक्षा विभागात फोटोकॉपी आणि फेरतपासणीचं कोण बघतं. मुलींच्या हॉस्टेलच्या रेक्टर. समुपदेशक कुठल्या वारी. मेडिकलची ओपीडी. १४४१६. पहिलं पान मी एका संध्याकाळी केलं. दुसरं भरायला ताईला तीन आठवडे लागले, कारण कॉलेजात ही माहिती एका ठिकाणी कुठेच नव्हती. प्रत्येक नावापुढे ती स्वतः जाऊन बोलून आली. 'माझं नाव कशाला लिहिता' असं म्हणणारे दोघं निघाले. एकाचं लिहिलं, एकाचं सोडलं.

आता तिच्या विभागातले आणखी तिघं शिक्षक ती शीट वापरतात. एकानं पहिल्याच आठवड्यात 'पुढे काय'मध्ये 'समुपदेशन केले' असं सगळ्या ओळींत खाली ओढून भरलं. मी त्या रकान्यात मोकळं लिहिणं बंद केलं. आता तिथे दुसऱ्या पानावरच्या नावांतूनच एक निवडावं लागतं. त्यावरून त्या सरांचा मला फोन आला. जरा तणतणले, मग हळूच विचारलं, हप्त्यांचा अर्ज नेमका कुणाच्या नावे करायचा म्हणता?

मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या त्या क्लार्कनी ताईला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मॅडम, तुमच्या त्या कागदावर माझं नाव आहे म्हणे." ताईला वाटलं, आता हेही नाव काढायला लावतात. "त्यात वेळ दुरुस्त करा जरा. पोरं सकाळी पाठवून राहिले तुम्ही, सकाळी साइट चालतच नाही. दोन वाजल्यानंतर पाठवा म्हणा. आणि येताना त्याहिचा स्वतःचा मोबाइल घेऊन या म्हणा, बापाचा नाही."

दोन्ही गोष्टी लिहिल्या.